अनेक देशांचा मिळून एक दूरसंचार नियामक: प्रस्तावाच्या पहिल्या कागदापासून पहिल्या आदेशापर्यंत

नवापूर रेल्वे स्थानकाचा फलाट दोन राज्यांत आहे. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यात. स्टेशन मास्तरांची कचेरी गुजरातेत, तापी जिल्ह्यात. हद्दीची रेघ एका बाकाच्या मधूनच जाते, आणि घोषणा मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी अशा चार भाषांत होतात. तरी सुरत-भुसावळ गाडी कुणाच्या हुकमाने सुटायची, हा प्रश्न तिथे कुणाला पडत नाही. दोन्हीकडे रेल्वे एकच आहे.

मोबाइलचं तसं नव्हतं. शहाद्याहून खेतियाच्या बाजाराला किंवा रावेरहून केळीचा भाव बघायला बऱ्हाणपूरला गेलं की फोन दुसऱ्या सर्कलमध्ये, म्हणजे दुसऱ्या परवाना क्षेत्रात, जायचा आणि येणाऱ्या कॉललाही पैसे पडायचे. मे 2015 मध्ये ट्रायने, म्हणजे देशाच्या दूरसंचार नियामकाने, रोमिंगच्या कमाल दरांत कपात केली: येणारा कॉल मिनिटाला 75 पैशांवरून 45 पैसे, जाणारा लोकल कॉल 1 रुपयावरून 80 पैसे. पुढे बाजारातल्या स्पर्धेने उरलंसुरलं रोमिंगही संपवलं. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश ही तीन वेगळी परवाना क्षेत्रं असली, तरी देशातल्या सगळ्या 22 क्षेत्रांवर नियामक एकच होता, म्हणून हे झालं.

देशादेशांमध्ये असा वरचा कुणी नसतो. तो उभा करायचा असेल तर कशाच्या आधी काय करायचं, याबद्दल हा लेख आहे. धोरण शिकणारे विद्यार्थी, वकील, ग्राहक संघटनांचे कार्यकर्ते आणि एखाद्या खासदाराला टिपण करून देणारी मंडळी डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. उदाहरणासाठी भारत, नेपाळ, भूतान, बांगलादेश आणि श्रीलंका हे पाच देश धरू.

आधी खुलासा: राज्याराज्यांत हे करता येत नाही

खान्देशात हा विषय काढला की कुणीतरी म्हणतंच, मग महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशाने मिळून सीमेवरच्या रेंजसाठी मंडळ का काढू नये? टपाल, तार, टेलिफोन, बिनतारी हे सगळं राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीत, 31 व्या नोंदीत आहे. राज्यांना त्यावर नियामक नेमण्याचा अधिकारच नाही. शेजारी राज्यांच्या विभागीय परिषदेत विषय मांडावा म्हटलं तर तिथेही गंमत आहे. 1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्याखालच्या या परिषदांत महाराष्ट्र आणि गुजरात पश्चिम विभागीय परिषदेत आहेत आणि मध्य प्रदेश मध्य विभागीय परिषदेत. ही तिन्ही राज्यं एका टेबलावर येतच नाहीत. पळासनेरला फोन मध्य प्रदेशचा टॉवर पकडतो ही तक्रार असेल तर ती कंपनीकडे आणि तिथून दूरसंचार विभागाकडे न्यायची. त्यासाठी नवं मंडळ नको.

पहिली पायरी: एकच दुखणं निवडा

असे प्रस्ताव बहुतेक वेळा फुगून मरतात. स्पेक्ट्रम (मोबाइलच्या रेडिओ लहरींचे पट्टे), परवाने, दर, समुद्राखालच्या केबल, सायबर सुरक्षा, सगळं एका मसुद्यात कोंबलं की प्रत्येक देशाच्या एका तरी खात्याला त्यात धोका दिसतो, आणि एका खात्याचा नकार पुरेसा असतो.

दुखणं निवडताना तीन गोष्टी बघा. ते सीमेमुळेच झालेलं असावं, एका देशाच्या नियामकाला एकट्याने सुटणारं नसावं आणि त्याचा आकडा सामान्य माणसाला बिलात दिसावा. या तिन्हींत बसणारं दुखणं म्हणजे आंतरराष्ट्रीय रोमिंग. भारताने कितीही ठरवलं तरी काठमांडूतली कंपनी तिथे गेलेल्या भारतीय ग्राहकासाठी भारतीय कंपनीला घाऊक दर काय लावते, यावर ट्रायचा हात पोहोचत नाही. नेपाळच्या नियामकाला तो दर उतरवण्यात रस नाही, कारण तो पैसा परक्या ग्राहकाच्या खिशातून येतो. दोघं एकदम हलले तरच दर हलतो.

युरोपीय संघानेही इथूनच सुरुवात केली. 2007 च्या रोमिंग नियमाने जाणाऱ्या कॉलला मिनिटाला 49 सेंट आणि येणाऱ्याला 24 सेंट अशी कर वगळून कमाल मर्यादा घातली. ‘घरच्या दराने परदेशात’ ही व्यवस्था 15 जून 2017 रोजी आली, म्हणजे मधे दहा वर्षं गेली. पूर्व आफ्रिकेत केनिया, युगांडा आणि रवांडा यांनी 2014 मध्ये ‘एक जाळं क्षेत्र’ सुरू केलं, तेही मोठं प्राधिकरण न काढता, सरकारांच्या सहमतीने. तिथे खरी अडचण कंपन्यांची नव्हती. परदेशातून येणाऱ्या कॉलवर सरकारांनीच अधिभार बसवले होते, आणि ते आपसात माफ केल्याशिवाय दर उतरणं शक्य नव्हतं. म्हणून पहिल्या बैठकीला दूरसंचार खात्याबरोबर अर्थ खात्याचा माणूस बोलवा. तो नंतर आला तर फाइल परत पहिल्या पानावर जाते.

दुसरी पायरी: अधिकार कुठल्या पातळीचा, ते लिहून काढा

मसुद्यात ‘समन्वय साधेल’, ‘प्रोत्साहन देईल’ असे शब्द दिसले की समजा, अधिकार कुणीच दिलेला नाही. व्यवहारात चार पातळ्या आहेत.

सगळ्यात खालची पातळी चर्चेची. आपल्या भागात ती आधीच आहे. दक्षिण आशियाई दूरसंचार नियामक परिषद 1997 पासून आशिया-पॅसिफिक टेलिकम्युनिटी या आंतरसरकारी संघटनेच्या छत्राखाली भरते. भारत, पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण, मालदीव धरून तिचे नऊ सदस्य आहेत. अहवाल होतात, शिफारशी होतात. बंधन कुणावर नसतं. नवा प्रस्ताव लिहिताना ‘ही परिषद असताना आणखी एक कशाला’ या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच पानावर द्यावं लागेल.

त्याच्या वरची पातळी अशी: नियामक आपल्या देशातच राहतो, पण निर्णयाचा मसुदा इतरांपुढे ठेवतो आणि त्यांच्या मताची ‘पुरेपूर दखल’ घेणं त्याला भाग असतं. युरोपातल्या बेरेकचं, म्हणजे राष्ट्रीय नियामकांच्या संयुक्त मंडळाचं, काम मुख्यतः असं चालतं. राष्ट्रीय नियामक मसुदा युरोपीय आयोगाला आणि इतर नियामकांना पाठवतो, त्यांना मत द्यायला महिना मिळतो, गंभीर शंका असेल तर फाइल पुढच्या टप्प्यात जाते आणि तिथे बेरेक आपलं मत देतं. कुठली कंपनी बाजारावर वरचढ आहे हे ठरवण्याच्या बाबतीत आयोगाला नकाराधिकारही आहे.

तिसरी पातळी कॅरिबियन बेटांची. डॉमिनिका, ग्रेनेडा, सेंट किट्स आणि नेव्हिस, सेंट लुसिया, सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनेडीन्स या पाच छोट्या देशांनी मे 2000 मध्ये करार करून एक्टेल हे सामायिक दूरसंचार प्राधिकरण स्थापन केलं. त्याआधी तिथे एकाच परदेशी कंपनीची मक्तेदारी होती आणि एकेका बेटाकडे तिच्याशी वाटाघाट करण्याइतके अभियंते, वकील नव्हते. परवान्याचा अर्ज तपासणं, स्पेक्ट्रमचं नियोजन, दरांचा अभ्यास ही तज्ज्ञांची कामं एक्टेल करतं. परवान्यावर सही त्या त्या देशात होते आणि अंमलबजावणी तिथल्या राष्ट्रीय आयोगाकडे असते. डोकं सामायिक आणि हात स्वतंत्र, असा हा प्रकार.

चौथी पातळी थेट बंधनकारक आदेशाची. ही मागायला सोपी, मिळायला जवळजवळ अशक्य. युरोपीय आयोगाने नोव्हेंबर 2007 मध्ये सबंध युरोपासाठी एक दूरसंचार बाजार प्राधिकरण सुचवलं होतं. सदस्य देश आणि संसद दोघांनी ते कापत कापत आणलं, आणि 2009 मध्ये जन्मलं ते बेरेक: राष्ट्रीय नियामकांच्या प्रमुखांचं मंडळ आणि लॅटव्हियातल्या रीगा शहरात छोटंसं कार्यालय. सामायिक संसद आणि न्यायालय असलेल्या युरोपालाही याच्या पुढे जाता आलं नाही, हे पाच देशांचा प्रस्ताव लिहिणाऱ्याने लक्षात ठेवावं.

माझं मत विचाराल तर रोमिंगच्या घाऊक दरापुरता चौथ्या पातळीचा अधिकार मागा आणि बाकी सगळ्या विषयांत दुसऱ्या पातळीवर समाधान माना. एका अरुंद विषयात खरा अधिकार मिळाला तर त्या संस्थेचं पत्र कंपन्या उघडून वाचतात.

तिसरी पायरी: कायद्याचा पाया

सामंजस्य करार पटकन होतो, फोटोही छान येतो. पण सामंजस्य कराराच्या जोरावर कुठल्याही कंपनीला दंड लावता येत नाही. त्यासाठी दोन कागद लागतात: देशांमधला करार, आणि तो करार प्रत्येक देशात लागू करणारा देशांतर्गत कायदा किंवा नियम. भारतात करार करणं सरकारच्या हातात आहे. राज्यघटनेच्या 253 व्या कलमाने त्याच्या अंमलबजावणीसाठी संसदेला कायदा करता येतो. दराचा आदेश मात्र ट्राय कायदा, 1997 खालीच निघणार. त्यामुळे करारात थेट लिहा, ‘संयुक्त मंडळाने ठरवलेली कमाल घाऊक मर्यादा प्रत्येक सदस्य देशाचा नियामक 60 दिवसांच्या आत स्वतःच्या आदेशाने लागू करील.’ असं लिहिलं की सार्वभौमत्वाची अर्धी भांडणं तिथेच मिटतात. कंपनीच्या हातात पडणारा कागद शेवटी तिच्याच देशाचा असतो.

किती देशांनी मान्यता दिली की करार अमलात येईल, तेही लिहा. पाचही लागतील असं लिहिलंत तर सगळ्यात ढिलं सरकार सगळ्यांचा वेग ठरवेल. तीन पुरेत.

चौथी पायरी: खुर्च्या आणि मतं

पाच देशांत भारताचे मोबाइल ग्राहक बाकी चौघांच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त आहेत. ग्राहकसंख्येवर मतं दिली तर भारत एकटाच मंडळ. एका देशाला एक मत दिलं तर चार शेजारी मिळून भारतावर दर लादू शकतात, आणि दिल्लीत ही फाइल कुणीच पुढे सरकवणार नाही.

बेरेकने 2009 मध्ये प्रत्येक नियामकाला एक मत आणि निर्णयाला दोन-तृतीयांश बहुमत असं ठरवलं होतं. आपल्या पाचांत दोन-तृतीयांश म्हणजे प्रत्यक्षात चार मतं, कारण तीन मतं साठच टक्के होतात. मी त्याला जोड सुचवेन: दराच्या निर्णयाला चार मतं, शिवाय ती चार मतं मिळून एकूण रोमिंग वाहतुकीच्या निम्म्याहून जास्त हिस्सा भरला पाहिजे. भारताला यात एकट्याने काही लादता येत नाही आणि भारताला पूर्ण बाजूला ठेवून निर्णय होण्याची भीतीही जवळजवळ उरत नाही.

खुर्चीवर माणूस कोण बसणार? नियामकाचा प्रमुख. खात्याचा सचिव नको. सचिवाचं खातं काही ठिकाणी सरकारी दूरसंचार कंपनीचं मालक असतं. तोच दर ठरवायला बसला तर हितसंबंध आड येतात.

याच ठिकाणी नर्मदेचा अनुभव आठवावा. खान्देशाने सीमापार प्राधिकरण पुस्तकात वाचलेलं नाही, अंगावर घेतलं आहे. नर्मदा पाणी तंटा लवादाचा निवाडा 1979 मध्ये आला आणि त्यानुसार 1980 मध्ये मध्य प्रदेश, गुजरात, महाराष्ट्र आणि राजस्थान यांचं नर्मदा नियंत्रण प्राधिकरण झालं. यंत्रणा म्हणून त्यातलं बरंच शिकण्यासारखं आहे. कुणाला काय मिळणार ते आधीच आकड्यांत लिहिलं होतं: सरदार सरोवराच्या विजेत मध्य प्रदेश 57 टक्के, महाराष्ट्र 27 टक्के, गुजरात 16 टक्के. प्राधिकरणाच्या वर मुख्यमंत्र्यांची पुनरावलोकन समिती होती. पण अक्कलकुवा आणि अक्राणीतली जी 33 गावं बुडिताखाली जाणार होती, त्यांचा माणूस त्या टेबलावर नव्हता. मणिबेली गावापासून पुढचा धरणाविरुद्धचा संघर्ष त्या रिकाम्या खुर्चीतूनही आला, असं मला वाटतं. म्हणून दूरसंचार मंडळात ग्राहकांच्या प्रतिनिधींना मत नसेना का, पण कागदपत्रं बघण्याचा आणि इतिवृत्तात आपलं म्हणणं नोंदवण्याचा हक्क करारातच द्या. नंतर नियमावलीत देऊ म्हटलं की ते भिजत घोंगडं पडतं.

पाचवी पायरी: आकडे मागण्याचा हक्क

हा भाग सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा आहे. दर ठरवायचा तर खर्च माहीत हवा, आणि तो कंपनीलाच माहीत असतो.

एक मिनिट रोमिंगचं बिल उकलून बघू. नेपाळ यात्रेला गेलेल्या भुसावळच्या बाईंनी घरी फोन केला आणि बिलात, समजा, मिनिटाला 40 रुपये लागले. त्यात नेपाळच्या कंपनीने आपल्या कंपनीकडून घेतलेला घाऊक दर आहे, समजा 24 रुपये. आंतरराष्ट्रीय वाहतुकीचा थोडा खर्च आहे, भारतात कॉल उतरवण्याचं शुल्क आहे, कर आहे, आणि उरला तो आपल्या कंपनीचा नफा. आता मंडळाने फक्त किरकोळ दर 20 रुपयांवर आणला तर? मोठ्या कंपन्या नेपाळी कंपनीशी घासाघीस करून घाऊक दर उतरवून घेतील. छोट्या कंपनीला 24 ला घेऊन 20 ला विकावं लागेल आणि ती रोमिंगच बंद करील. युरोपने 2007 मध्येच किरकोळ 49 सेंटांबरोबर घाऊक 30 सेंटांची मर्यादा घातली, ती यासाठी. आधी घाऊक, मग किरकोळ, किंवा दोन्ही एकदम. उलट्या क्रमाने कधीच नाही.

पण या उदाहरणातले 24 रुपये मी समजा म्हणून लिहिले. मंडळाला समजा म्हणून चालत नाही. दोन कंपन्यांमधले घाऊक करार गोपनीय असतात, आणि मोठ्या ग्राहकाला दिलेली सूट वर्षाअखेरीस वेगळ्या कागदावर हिशेबात येते. म्हणून मसुद्यात असं कलम घाला:

‘मंडळाच्या लेखी मागणीनंतर 30 दिवसांत प्रत्येक परवानाधारक घाऊक रोमिंगचे करार, सूट आणि वर्षअखेरीच्या समायोजनासह, तसेच प्रत्येक महिन्याची मिनिटे, संदेश आणि डेटा आपल्या राष्ट्रीय नियामकामार्फत सादर करील. माहिती न देणाऱ्या परवानाधारकाच्या बाबतीत मंडळास उपलब्ध माहितीवरून त्याच्या विरोधात जाणारे अनुमान काढता येईल.’

दुसरं वाक्य काढून टाकायला कंपन्यांचे वकील जीव तोडून भांडतील. त्यावरूनच त्याची किंमत कळते. माहिती मागण्याचा अधिकार ट्रायकडे कायद्याच्या 12 व्या कलमाखाली आधीपासून आहे; करारात फक्त ती माहिती सीमेपलीकडे गोपनीयता राखून द्यायची सोय करायची आहे.

व्याख्याही इथेच ठरवा. ‘ग्राहक’ म्हणजे विकलेलं सिम की चालू सिम? ट्राय दर महिन्याला दोन्ही आकडे देतं आणि दोघांत कोट्यवधींचा फरक असतो. शेजारी देशाने एक व्याख्या धरली आणि आपण दुसरी, तर आकड्यांची तुलना करतानाच घोडं पेंड खाईल.

पैसा, आणि मुख्यालय

पैशाचे तीन मार्ग आहेत: सरकारांची वर्गणी, नियामकांची वर्गणी, परवानाधारकांवर शुल्क. सरकारी वर्गणी थकते, आणि थकवणं हे शस्त्र बनतं. मी परवाना शुल्कातला ठरावीक, अगदी छोटा वाटा थेट मंडळाच्या खात्यात जाईल अशी रचना पसंत करतो, वर लेखापरीक्षण उघड. पहिली तीन वर्षं दहा-बारा माणसांपेक्षा जास्त भरती करू नका. दोन अर्थतज्ज्ञ, दोन रेडिओ अभियंते, दोन वकील, एक आकडेवारीचा माणूस मिळाला तरी काम चालू होतं.

मुख्यालयाचा वाद शेवटी ठेवा. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 ला धुळ्यापासून वेगळा झाला, त्या काळात कुठलं कार्यालय कुठे याच्या चर्चा ज्यांनी ऐकल्या, त्यांना सांगायला नको. सगळ्यात मोठ्या देशाची राजधानी टाळा, एवढंच. बेरेकचं रीगा हे नाव त्या दृष्टीने बोलकं आहे.

सहावी पायरी: पहिला आदेश

सल्लामसलतीचा कागद काढा, हरकती-सूचनांना आठ आठवडे द्या, आलेलं प्रत्येक उत्तर प्रसिद्ध करा आणि खुली सुनावणी घ्या. मुदतीचे आठवडे सोडले तर ट्रायची पद्धत हीच आहे आणि ती चांगली आहे. कागद हिंदी, नेपाळी, बांगला, सिंहली, तमिळ, झोंखा भाषांत हवा. निदान चार पानांचा सारांश तरी. इंग्रजीत दोनशे पानं टाकली की उत्तरं फक्त कंपन्यांची येतात.

आदेशात कमाल घाऊक दर एकदम तळाला नेऊ नका. भारतात दोन कंपन्यांमधलं कॉल उतरवण्याचं शुल्क ऑक्टोबर 2017 मध्ये 14 पैशांवरून 6 वर आलं आणि शून्यावर जायला जानेवारी 2021 उजाडला. तीन वर्षांच्या तीन पायऱ्या आधीच जाहीर केल्या तर कंपन्या आपले करार त्याप्रमाणे बदलतात.

एक पळवाट मात्र पहिल्या दिवशीच बुजवा. रोमिंग स्वस्त झालं की लोक स्वस्त देशातलं सिम घेऊन महाग देशात कायमचं वापरतात. युरोपात कंपनीला चार महिन्यांचा वापर तपासून, ग्राहक बहुतांश काळ परदेशातच असेल तर जादा आकार लावता येतो. नेपाळ-बिहार सीमेवर, जिथे माणूस सकाळी इकडे आणि दुपारी तिकडे असतो, तिथे हा नियम जसाच्या तसा लावला तर रोज ये-जा करणारा मजूर भरडला जाईल. सीमेपासून ठरावीक अंतरातल्या टॉवरांवरचा वापर त्या मोजणीतून वगळा.

अपील कुठे?

ट्रायकडे सुरुवातीला नियमनही होतं आणि वाद मिटवणंही. 2000 च्या दुरुस्तीने वाद टीडीसॅट या दूरसंचार तंटा न्यायाधिकरणाकडे गेले, आणि त्यावर अपील सर्वोच्च न्यायालयात. संयुक्त मंडळातही हीच वाटणी पहिल्यापासून ठेवा. दर लागू करणारा आदेश राष्ट्रीय नियामकाचा असल्याने कंपनी आपल्याच देशात अपिलात जाईल. पण पाच देशांची पाच न्यायासनं पाच अर्थ लावतील. त्यासाठी करारात तीन तज्ज्ञांचं छोटं पॅनेल ठेवा, ज्याच्याकडे न्यायासनाला करारातल्या एखाद्या शब्दाच्या अर्थाबद्दल मत मागता येईल, आणि मताला 90 दिवसांची मुदत घाला. अपील प्रलंबित असताना दर लागूच राहील, हेही लिहा. नाहीतर स्थगिती मिळवली की कंपनीचं काम झालं.

स्पेक्ट्रमला कधी हात घालायचा

सीमेवरच्या लहरींचं भांडण अभियांत्रिकीचं असतं: एका देशाने एखाद्या पट्ट्यात 4जी चालवलं आणि शेजाऱ्याने तिथेच दूरचित्रवाणी ठेवली की दोघांनाही खरखर. याचे मूळ नियम जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीत आहेत, आणि सीमेवर सिग्नलची ताकद किती असावी याचे शेजाऱ्यांमधले तांत्रिक करार जगात बरेच आहेत. हे काम मंडळाच्या रेडिओ अभियंत्यांकडे पहिल्या वर्षापासून द्या, पण फक्त मोजणीपुरतं: सीमेवरच्या ठरावीक ठिकाणी दोन्हीकडच्या अभियंत्यांनी एकाच दिवशी, एकाच यंत्राने मोजायचं आणि एकाच तक्त्यावर दोघांनी सही करायची. सह्या असलेले असे चार-पाच तक्ते जमले, आणि रोमिंगचा पहिला आदेश अपिलात टिकला, की मग स्पेक्ट्रमचा प्रस्ताव मंडळाच्या विषयपत्रिकेवर घ्या.